रिकाम्या पेटीतली रेघ

१

मोकळं आभाळ संगणकात मावत नाही, म्हणून तोल्कुन ते पेटीत भरायची. गेली कित्येक वर्षं तिचा हाच धंदा होता. डोंगरात अँटेना उभारायचा तर त्याच्या तारा किती लांब ठेवायच्या, कुठे वळवायच्या, हे वर चढून ठरवायला गेलं तर माणसं थकतात आणि उन्हाळा संपतो. त्यापेक्षा स्क्रीनवर एक पेटी आखावी, आत बारीक घरांची जाळी विणावी, मधोमध अँटेना रोवावा आणि लाट सोडून द्यावी. ती घराघरातून पसरत जाते, आणि कुठे किती पोचली हे बसल्या जागी कळतं.

मेख असते ती पुढे. खऱ्या जगात निघालेली लाट निघून जाते, पुन्हा तोंड दाखवत नाही. पेटीत मात्र ती भिंतीवर आपटून परत येणार आणि गणिताचा विचका करणार. म्हणून पेटीच्या साही बाजूंना अशा भिंती घालतात, की त्यांनी आलेली लाट गिळावी आणि ढेकरही देऊ नये. भिंती नीट जमल्या की पेटी हळूहळू निवते. आत किती लाट उरली ते दाखवणारी ग्राफवरची रेघ उतरत उतरत तळाला लागली की तोल्कुन खुर्चीत मागे रेलायची आणि चहाचा पियाला उचलायची. दिवसातलं तेवढंच सुख तिला पुरायचं.

बिश्केकमधल्या त्या संस्थेत तिच्या शेजारच्या टेबलावर काल्बुबू बसे. वयाने मोठी, जिभेने त्याहून मोठी. खिडकीतून रस्त्याच्या टोकाला बर्फाचे डोंगर दिसत, आणि त्या डोंगरांतच वरच्या ठाण्यावर तोल्कुनचा धाकटा भाऊ एर्मेक हिमलोटांवर नजर ठेवायला बसलेला असे. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याच्याशिवाय तिला कुणी नव्हतं, आणि तिच्याशिवाय त्याला.

वर मोबाइल चालत नाही. रोज दुपारी वायरलेसवर ठाण्याची हाक यायची आणि मामबेत आगायच्या खोलीतल्या रिसीव्हरवर ऐकू यायची. मामबेत हे विभागाचे प्रमुख. कधीकाळी त्यांनी तिला शिकवलं होतं, म्हणून ते अजून तिचे आगाय. वारा, थंडी, बर्फाची जाडी सांगून झाली की एर्मेक सरकारी आवाज टाकून द्यायचा.

"एजे, ऐकतेस ना?" थोरल्या बहिणीला तो अशीच हाक मारायचा. "काल हिमबिबट्या आला होता. तुझी चौकशी करत होता. म्हटलं, मुलगी जरा जून आहे, पण गणित पक्कं आहे."

"त्याला म्हणावं, आधी नवरीचं मोल, कालिम काय देतोस ते बोल," तोल्कुन म्हणायची.

"मेंढ्या देईल की," दारातून काल्बुबू म्हणायची. "साऱ्या गावाच्या."

मग एका सकाळी मामबेत आगाय स्वतः चालत तिच्या टेबलाशी आले. ते सहसा येत नसत, बोलावून घेत.

"वरचा अँटेना बर्फाने वाकलाय," ते म्हणाले. "हाक येते, पण शब्द कळत नाहीत. वाकल्यावर नेमकं काय बिघडतं ते काढून दे. सगळी दरी घाल मॉडेलमध्ये. घाई करू नकोस."

"मी ऐकते ना येऊन. एर्मेकचं बोलणं मला कळेल."

"रिसीव्हर उघडून ठेवलाय दुरुस्तीला. तू हे बघ."

ते गेल्यावर तोल्कुनच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत 'घाई करू नकोस' हे शब्द आगायच्या तोंडून तिने कधी ऐकले नव्हते.

२

बाहेर जर्दाळूला फुलं आली होती आणि आत संस्थेने नळांतली ऊब बंद केली होती. वसंत आला की असंच होतं. माणसं कोट घालून काम करतात आणि वसंताला नावं ठेवतात.

मॉडेल तिने मन लावून बांधलं. नकाशावरून दरी घेतली, खडक घेतले, ओढा घेतला, वर बर्फाचा थर चढवला. तिनेच गेल्या वर्षी आखलेला अँटेना मध्ये उभा केला आणि थोडा वाकवला. हे काम नेहमीसारखं नव्हतं. हे जमलं तर एर्मेकचा आवाज परत येणार होता.

लाट सोडली. ग्राफवरची रेघ उतरू लागली, छान उतरली, आणि तळ यायच्या जरा आधी थांबली.

पेटीत काहीतरी उरलं होतं. फार नव्हे, चिमूटभर. पण ते निवत नव्हतं.

असं होतं कधीकधी. भिंती पातळ राहिल्या की थोडी लाट परतते. तोल्कुनने भिंती जाड केल्या आणि गणित पुन्हा चालवलं. रेघ त्याच जागी येऊन थांबली. तिने आणखी जाड केल्या. रेघ तिथेच.

एरवी अशा वेळी काल्बुबू मान वळवून म्हणाली असती, "ताप तुझ्या पेटीला आलाय की तुला? डोकं गरम कुणाचं झालंय?" आज तिने न विचारता चहा आणून ठेवला, पाव आणला, त्यावर स्वतःच्या घरचा मुरंबा लावला आणि बशी तोल्कुनच्या हाताशी सरकवली.

"बरी आहेस ना एजे?" तोल्कुनने विचारलं. वयाने मोठ्या काल्बुबूलाही ती एजेच म्हणायची.

"मला काय धाड भरलीय. खा."

तिचा आवाज नेहमीचाच होता. पण ती तोल्कुनकडे बघत नव्हती, मुरंब्याकडे बघत होती.

३

चूक शोधायची जुनी पद्धत म्हणजे एकेक गोष्ट काढून टाकत जाणं. तोल्कुनने शेवटी लाटच काढून टाकली. अँटेनाला काही द्यायचंच नाही. पेटीत दगड, बर्फ, उभ्या तारा आणि सगळीकडे शून्य. शून्याला कशानेही गुणा, शून्यच येतं. हे शाळेतलं पोरही सांगेल.

गणित चाललं. रेघ तळाला असायला हवी होती. ती तळाच्या जरा वर होती.

मानेवर गार हात ठेवावा तसं तिला झालं. पण अक्कल जागेवर होती. आधीच्या गणिताचे आकडे यंत्राच्या स्मृतीत रेंगाळले असणार. तिने यंत्र बंद केलं, थोडं थांबली, पुन्हा सुरू केलं. तेच. काल्बुबूच्या यंत्रावर मॉडेल चढवलं. तिथेही तेच.

मग ते उरलेलं नेमकं कुठे आहे हे बघायला तिने पेटीचा उभा काप काढला. जिथे काही नाही तिथे काळं, जिथे आहे तिथे उजळ. सारी दरी काळी होती. अँटेनाही काळा होता. आणि त्याच्या बरंच खाली, ओढ्याच्या डाव्या अंगाला, मोठ्या खडकाच्या मागे बर्फाच्या पोटात एक वीतभर उजळ रेघ होती. उभी, बारीक, सरळ. तिथे तोल्कुनने काहीच काढलं नव्हतं.

"हे काय आहे?" काल्बुबूने मागून विचारलं.

"चूक आहे कसलीतरी."

"तसं नाही. जागा कुठली?"

"ठाण्याच्या खालची. नुसतं बर्फ आहे तिथे."

काल्बुबूने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरलं. "मला दूध आणायचंय," ती म्हणाली आणि भर दुपारी दूध आणायला निघून गेली. बोळात तिने नाक शिंकरल्याचा आवाज आला. तोल्कुनला वाटलं, आपण तिचं यंत्र अडवलं म्हणून रागावली.

दुपारच्या हाकेची वेळ झाली तेव्हा ती आगायच्या खोलीपाशी गेली. दार बंद होतं. आतून रिसीव्हरची खरखर येत होती, तीही मोठ्या आवाजात. तिने दार वाजवलं. खरखर एकदम बारीक झाली.

"उघडून ठेवलाय म्हणालात ना, आगाय?"

"जुळवून बघतोय," ते दार अर्धंच उघडून म्हणाले. बोलत तिच्याशी होते, कान मात्र मागे होते.

"आज हाक आली?"

आगायनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आली. अस्पष्ट."

"काय म्हणाला?"

"अस्पष्टच होतं, पोरी. तू आपलं काम कर."

दार लागलं आणि खरखर पुन्हा वाढली.

४

दुसऱ्या दिवशी खडकामागची ती रेघ कलली होती.

तोल्कुनने कालचं चित्र आजच्याशेजारी ठेवलं. काल सरळ होती, आज डावीकडे झुकली होती. हे व्हायला नको होतं. मॉडेलमध्ये काहीही हलत नाही. खडक हलत नाही, बर्फ हलत नाही. पेटीतला सगळा काळ मिळून इतका लहान असतो, की तेवढ्यात पापणी मिटायला सुरुवातही होत नाही. मग जे नाहीच, ते कलतं कसं?

तिने पुन्हा गणित चालवलं. आता ती थोडी अधिक कलली होती, आणि उजेड एकसारखा नव्हता. लागायचा, मावळायचा, लागायचा. कुणी बटण दाबावं आणि सोडावं तसा. मधला खंड मोठा मोठा होत होता.

लहानपणी वीज गेली की एर्मेक तिच्या अभ्यासासाठी कंदील धरून उभा राहायचा. 'मी धरतो' म्हणून हट्ट करायचा, आणि हात भरून आला की कंदील असाच हळूहळू कलायचा. तो कबूल मात्र करायचा नाही. हे आत्ता का आठवावं हे तिला कळेना. तिने स्वतःला दटावलं. आकड्यांच्या घसरणीत माणसाचा हात दिसायला लागला, तर रजा घ्यायची वेळ झाली.

खोलीत फार शांतता होती. काल्बुबू टेबलावर होती, पण तिच्या कळांचा आवाज येत नव्हता. बोळातून पावलं यायची आणि या दोघींच्या दाराशी आली की हलकी व्हायची. कुणी हसत असेल तर हसणं दाराअलीकडे थांबायचं. घरात कुणी झोपलं असलं की माणसं अशी वागतात.

"झालं का?" आगाय दारात येऊन विचारून गेले.

"एक चूक राहिलीय. ती निघाली की उत्तर देते."

"काढ. सावकाश काढ."

"तो वर एकटा आहे आगाय. सावकाश काय?"

ते तसेच परत गेले. तोल्कुनला राग आला. यांना कशाची घाई म्हणून नाही. भाऊ तिचा, बोलणं बंद झालं होतं ते तिचं, आणि ही फालतू रेघ मध्ये पाय घालून बसली होती.

मग तिने जे केलं ते तिच्या धंद्यात सगळेच कधी ना कधी करतात, आणि बोलत कुणी नाही. भिंतींना जे गिळणारं द्रव्य लावतात त्याचा एक जाड तुकडा तिने कापला आणि नेमका त्या रेघेवर घातला. वर, खाली, चारी बाजूंनी, फट राहू दिली नाही. मग गणित चालवलं.

ग्राफवरची रेघ उतरली, उतरत गेली आणि तळाला लागली. पेटी निवली. कापात सारी दरी काळी होती.

तोल्कुन खुर्चीत मागे रेलली. किती दिवसांनी तिला हसू आलं. आता खरं उत्तर निघणार होतं.

५

ती जवळजवळ पळतच बोळातून गेली. आगायच्या खोलीचं दार उघडं होतं.

आत माणसं होती. घाटापलीकडच्या नारीनचे सार्तबाय आबाके, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, भिंतीशी बसले होते. बुटांना ओला चिखल होता. दोलोनचा घाट बर्फाने बंद असताना ते इथे कसे आले? त्यांच्या बाजूला डोक्यावर नमद्याचे उंच कालपाक घातलेले दोन म्हातारे, मग मामबेत आगाय, आणि खिडकीशी काल्बुबू. काल्बुबूच्या हातात पाण्याची वाटी होती. टेबलावर रिसीव्हर सुरू होता, पूर्ण आवाजात खरखरत होता. तो कुठूनच उघडलेला नव्हता.

तिला बघून सगळे उठून उभे राहिले. म्हातारेसुद्धा.

तोल्कुन उंबऱ्यातच थांबली. हे तिने एकदा पाहिलं होतं. वडील गेले तेव्हा ती अल्माटीत शिकत होती. 'जरा आजारी आहेत, येऊन जा,' एवढाच निरोप होता. गाडीत सोबत आलेला चुलतभाऊ वाटभर विनोद सांगत होता, आणि घराच्या अंगणात अशीच माणसं अशीच उठली होती. मरणाची बातमी इथे कुणी सांगत नाही. ती ऐकवतात. रक्ताचं वडीलधारं माणूस पोचेपर्यंत सारं गाव ओठ शिवून बसतं, हसतं, खाऊ घालतं, कामाला लावतं. या ऐकवण्याला 'उगुझू' म्हणतात. मायेपोटीच करतात ते, त्यात खोट काढायला जागा नाही.

"ये पोरी, बस," आबाके म्हणाले.

"मी उभीच बरी आहे, आबाके."

काल्बुबू येऊन तिच्या अगदी जवळ उभी राहिली, पडली तर सावरता यावं अशी.

"डोंगर उंच असतो, पण तोही खचतो," आबाके म्हणाले. "नदी खोल असते, पण तीही आटते. देवाने दिलं, देवाने नेलं. आपला एर्मेक राहिला नाही गं."

रिसीव्हर खरखरत होता. कुणीतरी तो बंद केला.

"कधी?" तोल्कुनने विचारलं.

आगाय खाली बघत म्हणाले, "मी तुला काम दिलं त्याच्या आदल्या संध्याकाळी. लोट कोसळला. अँटेनावरचं बर्फ झाडायला वर चाललोय, असं शेवटचं बोलला होता. लोक वरती शोधतायत, अजून सापडला नाही. मला वाटत होतं, एखादी हाक येईल. म्हणून हा सुरू ठेवला. घाट उघडेपर्यंत तुझं मन कशाततरी…"

काल्बुबूने वाटी तिच्या ओठांना लावली. सगळे तिच्या रडण्याची वाट बघत होते. रडणं आलं की ते सावरणार होते, ते त्यांना येत होतं.

"वर नाही," तोल्कुन म्हणाली. "खाली आहे तो. ओढ्याच्या डाव्या अंगाला मोठा खडक आहे. त्याच्या मागे शोधायला सांगा."

आगायनी मान वर केली. "तुला कसं ठाऊक?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. म्हातारा माणूस, डोळे न झोपता लाल झालेले. तिला सगळं त्या क्षणी दिसलं, बातमी आधी कळती तर ती लागणारी-मावळणारी रेघ म्हणजे एर्मेकची हाक हे तिने ओळखलं असतं, आणि हेही दिसलं की यांना दिसलं तर हे जगायचे नाहीत.

"भाऊ आहे माझा," ती म्हणाली. "मन सांगतं."

आयुष्यात पहिल्यांदा तिने असलं वाक्य उच्चारलं होतं. आगाय फोनकडे धावले.

काल्बुबू तिला धरून नेत होती, पण ती आपल्या टेबलाशी थांबली. उभ्याउभ्याच तिने तो जाड तुकडा काढून टाकला आणि गणित पुन्हा चालवलं. दरी काळीच होती. खडकामागे काही नव्हतं. तुकडा घातल्याने ते विझलं, की घालेपर्यंत आपणहून विझलेलं होतं, हे सांगणारं गणित कुणालाच येत नाही. ती तिथेच, खुर्ची धरून, मोठ्याने रडली.

६

एर्मेक सापडला, तिने सांगितलं होतं तिथेच.

तोल्कुन राहायची त्या इमारतीच्या अंगणात, गाड्या लावतात त्या जागी नमद्याचा तंबू उभारला. तोल्कुन आत बायकांमध्ये, भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या आजूबाजूला शोकगीत चाललं होतं. मधूनमधून बाहेर पुरुष हंबरडा फोडत येत आणि आबाके त्यांना गळ्याशी धरत. ती गात नव्हती. तिचा आवाज बसला होता.

नमदा जाड असतो, पण कान भिंतीशी असला की पलीकडचं ऐकू येतं. बाहेर शोधपथकातला कुणी आबाकेंशी बोलत होता.

"बसलेला होता, आबाके. पाठ खडकाला. हातात वायरलेस होतं, त्याची वीतभर तार डावीकडे कललेली, बटण दाबलेलंच. तिथून हाक पोचतच नाही, खडक आडवा येतो. आणि एक सांगू का? त्याच्या तोंडासमोरचं बर्फ आतून काचेसारखं झालं होतं. म्हणजे बराच वेळ…"

आबाके मोठ्याने खोकले.

बर्फ काचेसारखं कशाने होतं हे डोंगरातली पोरंसुद्धा जाणतात. श्वासाने होतं. पुष्कळ श्वासाने.

थोड्या वेळाने आबाके आत आले आणि कष्टाने तिच्याजवळ बसले. कुणीतरी त्यांना चहा दिला. पियाला त्यांनी नुसता हातात धरून ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "त्रास झाला नाही हो त्याला. पथकातल्यांनी सांगितलं. लोट आला आणि लगेच गेला. त्याला कळलंसुद्धा नाही."

तोल्कुनने त्यांच्या हातातून पियाला घेतला आणि स्वतः त्यांच्या ओठांशी धरला.

"हो, आबाके," ती म्हणाली. "लगेच."

तंबूच्या दारात मामबेत आगाय उभे होते, कालपाक छातीशी धरून. आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

"या आगाय, बसा," तोल्कुन बसलेल्या आवाजात म्हणाली. "ऐकलंत ना? लगेच गेला तो."